प्लंबर या शब्दातला 'बी' कुठून आला? शिशाच्या 'पीबी'शी त्याचा काही संबंध आहे का?

मिरजेची_मीनल

नमस्कार मंडळी. मुलगी सेमी इंग्रजीला आहे. मूलद्रव्यांच्या संज्ञा पाठ करताना ती शिशापाशी अडली. इंग्रजी नाव लेड आणि संज्ञा पीबी, हे कसं काय? बाईंनी सांगितलं की संज्ञा लॅटिन नावावरून आली आहे, आणि वहीत ते नाव लिहून दिलं: प्लंबम. घरी येऊन तिचा पहिला प्रश्न, "आई, मग प्लंबर म्हणजे शिसेवाला का गं?"

मला उत्तर देता आलं नाही. आमच्याकडे मोरीचा नळ बदलायला जे दादा येतात त्यांच्या पिशवीत सीपीव्हीसीचे एल्बो, सोल्युशनची डबी, टेफलॉन टेप, पाना एवढंच असतं. शिसं कुठेच दिसलं नाही. शिवाय स्पेलिंगमध्ये बी असून आपण तो बोलत का नाही, हेही तिला हवंय. 'प्लमर' म्हणायचं आणि 'प्लंबर' लिहायचं, असं का?

घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर विचारलं तर दीरांनी पाठवलं की शिशाच्या नळांमुळे रोमन साम्राज्य बुडालं. हे खरं आहे का? जाणकारांनी जरा उलगडून सांगावं, मुलीला वाचून दाखवणार आहे.

शुद्धलेखन_सातारा

मीनलताई, स्पेलिंगपुरतं मी सांगते, बाकीचं इथले दुसरे जाणकार सांगतील.

लॅटिनमध्ये शिशाला प्लुंबुम म्हणत आणि त्यातला बी स्वच्छ बोलला जाई. तो शब्द फ्रेंचमधून इंग्लंडात आला तेव्हा वाटेत बी गळून गेला होता. मध्ययुगीन इंग्रजीत लोक 'प्लमर' बोलत आणि तसंच लिहीतही. पुढे युरोपात लॅटिनच्या अभ्यासाला जोर आला तेव्हा इंग्लंडातल्या पंडितांनी शब्दाचं मूळ डोळ्यांना दिसावं म्हणून बी लिखाणात परत आणला. बोलणाऱ्यांनी काही तो उचलला नाही. 'डेट' म्हणजे कर्ज आणि 'डाउट' म्हणजे शंका, या दोन्हींतला मुका बी असाच आलेला आहे. त्यांची लॅटिन मुळं देबितुम आणि दुबितारे. इंग्रजांत प्लमर हे आडनाव अजून आहे. ते जुन्या स्पेलिंगनंच लिहितात, त्यात बी नाही.

मुलीला आणखी एक सांगा. तिच्या दप्तरातल्या शिसपेन्सिलीत शिसं नसतं. इंग्लंडच्या उत्तरेला कंबरलँडमध्ये बॉरोडेल नावाचं खोरं आहे, तिथे सोळाव्या शतकात ग्रॅफाइटचा अतिशय शुद्ध साठा सापडला. काळा, मऊ, कागदावर रेघ उठवणारा पदार्थ. लोकांनी त्याला शिशाचाच प्रकार मानलं आणि काळं शिसं म्हणू लागले. त्याचं पंडिती नाव प्लुंबागो, म्हणजे परत तोच प्लुंबुम. स्वीडनच्या शेलेनं १७७९ साली तो कार्बनचा प्रकार असल्याचं दाखवलं, आणि जर्मनीच्या वेर्नरनं १७८९ साली त्याला ग्रॅफाइट हे नाव दिलं. तोवर नाव रुळलं होतं. इंग्रज अजूनही पेन्सिलीच्या कांडीला लेडच म्हणतात आणि आपण शिसं म्हणतो. वर्गात एखादं मूल पेन्सिलीचं टोक चावताना दिसलं की पालक घाबरून माझ्याकडे येतात, म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

बिडाचा_पाइप

ताई, तुमच्या लेकीनं नेमक्या जागी बोट ठेवलंय. प्लंबर म्हणजे शिसेकाम करणारा, हाच त्या शब्दाचा मूळ अर्थ. पाण्याचा त्यात थेंबही नाही.

मी हे काम मुंबईत गिरगाव-परळच्या चाळींत उस्तादाच्या हाताखाली शिकलो आणि पुढे आयटीआयमध्ये प्लंबर ट्रेडच्या मुलांना शिकवलं. पहिल्या तासाला मी पाइप कापायला लावत नसे, हा शब्द सांगत असे. कारण या ट्रेडला आलेली बरीच मुलं फिटर-इलेक्ट्रिशियनला नंबर लागला नाही म्हणून आलेली असत. मान खाली. घरचे म्हणत, नळ दुरुस्त करणार का आता? त्या मुलांना कळायला हवं होतं की आपल्या धंद्याचं नाव दोन हजार वर्षं जुनं आहे आणि ते धातूवरून पडलंय, जसं आपल्याकडे लोहारावरून नि तांबटावरून घराणी ओळखली जातात.

रोमन लोक शिशाच्या कारागिराला प्लुंबारिउस म्हणत. रोम शहरात डोंगरातलं पाणी कित्येक मैलांवरून उताराच्या दगडी कालव्यांतून यायचं. कमानींवरून जाणारे ते कालवे फोटोत सगळ्यांनी पाहिलेले असतात. पण शहरात आल्यावर ते हमामखान्यांत, कारंज्यांत आणि श्रीमंतांच्या वाड्यांत पोचवायचं म्हणजे नळ हवेत, आणि तिथून शिसेवाल्याचं काम सुरू व्हायचं. तो वितळलेलं शिसं सपाट साच्यावर ओतून पत्रा करी. पत्रा लाकडी दांड्याभोवती वाकवी, दोन्ही कडा जुळवी आणि ती शिवण डाक, म्हणजे सांध्याचा वितळलेला धातू, भरून बंद करी. म्हणून त्या नळांचा छेद गोल नसतो, शिवणीकडे निमुळता होत जातो. युरोपातल्या संग्रहालयांत असे नळ आहेत. त्यांवर उठावाची अक्षरं असतात. कुठे बादशहाचं नाव, कुठे घरमालकाचं, कुठे खुद्द कारागिराचं.

मापंही ठरलेली होती. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातला विट्रुव्हियस हा वास्तुकार लिहून गेलाय की नळाचा तुकडा दहा फुटांपेक्षा कमी नसावा आणि नळाला नाव त्याच्या पत्र्याच्या रुंदीवरून द्यावं. पत्रा शंभर बोटं रुंद असेल तर तुकड्याचं वजन १२०० रोमन पौंड, पाच बोटं रुंद असेल तर ६०. आज आपण अर्धा इंची, पाऊण इंची म्हणतो तशीच ही भाषा. पुढे इ. स. ९७ मध्ये फ्रोंतिनुस हा रोमच्या पाणीखात्याचा मुख्य झाला. त्यानं लिहून ठेवलंय की त्याच्याच खात्यातली माणसं ठरल्यापेक्षा मोठ्या मापाचे नळ बसवून आणि चोरून फाटे काढून पाणी विकत होती. हा भाग सांगितला की माझ्या वर्गातली पोरं सावरून बसत. चोरीच्या कनेक्शनची गोष्ट त्यांना नवी नव्हती.

रोमनांनी इंग्लंडात बाथ या गावी गरम पाण्याच्या झऱ्यावर कुंड बांधलं. त्याच्या तळाला शिशाचे ४५ जाड पत्रे अंथरले. ते आजही जागेवर आहेत. शिसं मऊ असतं, चटकन वितळतं, गंजत नाही आणि हातोडीनं हवं तसं वळतं. या कामासाठी त्या काळी याहून सोयीचा धातू नव्हता.

आता मधली गंमत बघा. रोमन गेले, नळांचं काम मागे पडलं, पण शिसेवाला टिकला. मध्ययुगातल्या इंग्लंडात तो कुठे असायचा? छपरावर. चर्च आणि किल्ल्यांची छपरं शिशाच्या पत्र्यानं मढवायची, पन्हळी करायच्या, रंगीत काचांच्या खिडक्यांत काचा धरून ठेवणाऱ्या शिशाच्या पट्ट्या ओढायच्या. लंडनच्या प्लंबरांच्या संघाचे नियम १३६५ सालचे आहेत, राजाची सनद १६११ ची. म्हणजे घरोघरी नळ आणि फ्लशचे संडास यायच्या कितीतरी आधी लंडनमध्ये प्लंबरांची संघटना होती. एकोणिसाव्या शतकात शहरांत घरापर्यंत पाणी आणि मैलापाणी यांचे नळ आले, ते शिशाचे, म्हणून काम त्याच माणसाकडे आलं. पुढे नळ लोखंडाचे झाले, मग तांब्याचे, मग प्लास्टिकचे. कारागिराचं नाव मात्र शिशावरच राहिलं.

आपल्याकडच्या प्लंबराच्या पिशवीतही शिसं होतं बरं का. तुमच्या दादांच्या आधीच्या पिढीच्या पिशवीत. चाळींच्या मागच्या बाजूला बिडाचे जाड उभे पाइप असतात, त्यांचे सांधे शिशानं भरलेले आहेत. एका पाइपाचं तोंड दुसऱ्याच्या कुंडीत, म्हणजे रुंद तोंडात, बसवायचं, भोवतीच्या फटीत तागाचा पीळ ठोकून भरायचा. आडवा सांधा असेल तर भोवती ओल्या मातीचा कडा करायचा आणि वर एक तोंड ठेवायचं. स्टोव्हवर पळीत शिसं वितळवायचं. वरची राखाडी साय बाजूला सारली की खाली आरशासारखं चकचकीत शिसं दिसतं. मग एका दमात ओतायचं. मधे हात थांबला तर दोन थर वेगळे जमतात आणि सांधा गळतो. आणि फटीत पाण्याचा थेंब राहिला असेल तर त्याची वाफ होऊन शिसं तोंडावर उडतं. उस्ताद आधी कोरड्या फडक्यानं पुसायला लावायचा, मग स्वतः बोट फिरवून बघायचा, आणि तेव्हाच पळी हातात द्यायचा. गार झालं की छिन्नीसारख्या बोथट अवजारानं चहूबाजूंनी ठोकून बसवायचं, कारण शिसं गार होताना आकसतं. असं काम करणारी माणसं आता फार थोडी उरली आहेत. लॅटिन प्लुंबारिउसाचं काम मी तिथे डोळ्यांनी पाहिलं. सीपीव्हीसी चिकटवणं वाईट नाही, पण हे वेगळं कसब होतं आणि त्याची कुठे नीट नोंद झाली नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं.

याच घराण्यातले आणखी शब्द. गवंड्याच्या ओळंब्याला इंग्रजीत प्लंब म्हणतात, कारण दोरीच्या टोकाला शिशाचा गोळा बांधत. आपला ओळंबा अवलंबवरून, लोंबण्यावरून आलाय, त्याचा शिशाशी संबंध नाही. भिंत ओळंब्यात आहे हे फ्रेंचमध्ये सांगायचं तर 'आ प्लों', आणि तोच शब्द इंग्रजीत 'अप्लॉम' होऊन गेला. अर्थ, अवघड प्रसंगातही न डगमगता ताठ उभं राहण्याची धमक. 'प्लमेट' म्हणजे आधी ओळंब्याचा गोळा आणि मग धाडकन खाली येणं. 'प्लंज', म्हणजे बुडी मारणं, हाही त्यातलाच. जहाजावरून दोरीला शिसं बांधून समुद्राची खोली मोजत त्यावरून तो आला. त्या शिशाच्या बुडाला खळगा असे आणि त्यात चरबी भरत, म्हणजे तळाची वाळू किंवा चिखल तिला चिकटून वर येई आणि खाली काय आहे ते खलाशाला कळे.

रानातली_वैद्य

वरचा प्रतिसाद दोनदा वाचला. माझ्या विषयातली थोडी भर घालते.

चित्रक ही वनस्पती आपल्याकडे औषधात नेहमीची. मूळ तिखट, उष्ण, अग्नी वाढवणारं, आणि कच्चं त्वचेला लागलं तर फोड आणतं. हिचं शास्त्रीय नाव प्लंबॅगो झेलॅनिका. लाल फुलांच्या चित्रकाचं प्लंबॅगो इंडिका. घराच्या कुंपणाला फिक्या निळ्या फुलांचं झुडूप लावतात तेही प्लंबॅगोच. युरोपातल्या वनस्पतीला हे नाव का पडलं याचे दोन खुलासे देतात. शिशाच्या विकारावर ती वापरत हा एक, आणि तिच्या रसानं कातडीवर शिशाच्या रंगाचा डाग पडतो हा दुसरा. मला दुसरा जास्त पटतो. चित्रकमूळ हाताळणाऱ्याच्या बोटांकडे बघितलं तर तो डाग दिसतोच.

रोमन लोक नळाला फिस्तुला म्हणत, शिशाच्या नळाला फिस्तुला प्लुंबेआ. आज डॉक्टर भगंदराला फिस्तुला म्हणतात तो हाच शब्द. शरीरात नळीसारखी वाट पडते म्हणून. सुश्रुतानं आतून नळीसारख्या वाहणाऱ्या जखमेला नाडीव्रण म्हटलंय, आणि नाडी म्हणजेही नळी.

आणखी एक. प्लिनी हा रोमन लेखक काळं प्लुंबुम आणि पांढरं प्लुंबुम असे दोन प्रकार सांगतो. काळं म्हणजे शिसं, पांढरं म्हणजे कथील. आपल्या रसशास्त्रातही नाग म्हणजे शिसं आणि वंग म्हणजे कथील ही जोडी एकत्रच येते, दोघांना पूतिलोह म्हणतात. कळकळीनं सांगते, नागभस्म किंवा शिसं असलेलं कुठलंही औषध कुणाच्या ऐकीव सल्ल्यानं घेऊ नका. शिशाच्या विषबाधेला इंग्रजीत 'प्लंबिझम' असा शब्दच आहे. पोटात कळा, रक्तक्षय, हाताची मनगटं लुळी पडणं, आणि मुलांच्या मेंदूवर होणारा परिणाम भरून येत नाही.

जुनी_नाणी_कोल्हापूर

प्लिनीचा विषय निघाला म्हणून. तो म्हणतो की हिंदुस्थानात तांबं-काशाचा धातू नाही आणि प्लुंबुमही नाही, ते लोक आपली रत्नं आणि मोती देऊन या वस्तू घेतात. आपल्याकडे शिसं अजिबात नव्हतं हे काही खरं नाही, राजस्थानात जुन्या खाणी आहेत. पण समुद्रमार्गे शिसं येत होतं हे नक्की. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ग्रीक व्यापाऱ्याच्या प्रवासवर्णनात भडोच बंदरात उतरणाऱ्या मालात तांबं, कथील आणि शिसं आहे.

आणि शिसं लागायचं कशाला, तर नाण्यांना. सातवाहनांनी शिशाची नाणी पाडली, जगात फार कमी राजवटींनी असं केलं. आमच्या कोल्हापुरात धनुष्यबाण असलेली शिशाची जाड नाणी सापडली आहेत, त्यांवर विळिवायकुर हे नाव ब्राह्मी अक्षरांत आहे. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर त्या काळच्या वस्तीत रोमन समुद्रदेवाची काशाची मूर्तीही मिळाली, ती टाउन हॉल संग्रहालयात आहे. मिरजेहून कोल्हापूर तासा-दीड तासावर, मुलीला नक्की घेऊन या.

मिरजेची_मीनल

सगळ्यांचे मनापासून आभार. मुलीनं सगळं वहीत उतरवून घेतलंय, आणि चित्रकाचा डाग बघायचाय म्हणून मागे लागलीय.

काका, दोन शंका राहिल्या. दीरांचं म्हणणं खरं का? आणि आमची इमारत जुनी आहे, मागे बिडाचेच पाइप आहेत. त्या सांध्यांत शिसं असेल तर पाणी प्यायला धोका नाही ना?

बिडाचा_पाइप

ताई, आधी इमारतीचं सांगतो. मागचे जाड उभे पाइप सांडपाण्याचे आणि संडासचे असतात. पिण्याचं पाणी त्यातून येत नाही, त्यामुळे त्या सांध्यांची काळजी नको. फक्त कधी ते पाइप काढले तर शिशाचे तुकडे मुलांच्या हाती लागू देऊ नका, आणि भंगारवाल्याला आवारात वितळवू देऊ नका. धूर सगळ्यांत वाईट.

रोमचं म्हणाल तर शिसं घातक आहे हे विट्रुव्हियसलाच माहीत होतं. तो म्हणतो, शिसेकाम करणाऱ्यांकडे बघा, त्यांची कांती फिकी पडलेली असते. पाणी मातीच्या नळांतून आणलेलं जास्त आरोग्याचं. तरी शिशाचे नळ चालू राहिले. रोमच्या बंदरातल्या गाळाचा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. त्यात नळाच्या पाण्यात झऱ्याच्या पाण्यापेक्षा साधारण शंभरपट शिसं होतं असं निघालं, पण तेवढ्यानं लोकांची मोठी हानी झाली असेल असं त्या संशोधकांना वाटलं नाही. तिथलं पाणी जड, त्यामुळे नळाच्या आत चुन्याचा थर बसायचा, आणि पाणी बहुधा सतत वाहतं असायचं. शिवाय रोमन साम्राज्याचा पूर्वेकडचा भाग १४५३ पर्यंत टिकला. साम्राज्य शिशानं बुडालं हे म्हणणं मला तरी टिकणारं वाटत नाही.

शिशाचा खरा धडा अलीकडचा आहे. अमेरिकेत १९८६ साली नवीन शिशाच्या नळांवर बंदी आली, पण जमिनीखालचे जुने तसेच राहिले. मिशिगनमधल्या फ्लिंट गावानं २०१४ साली पाण्याचा स्रोत बदलला, नळ झिजू नयेत म्हणून पाण्यात घालायचं रसायन घातलं नाही, आणि जुन्या नळांतलं शिसं घराघरांत गेलं. लहान मुलांच्या रक्तात ते सापडलं.

आपल्याकडेही शिसं पूर्ण गेलं असं समजू नका. पीव्हीसी पाइप करताना उष्णतेनं खराब होऊ नये म्हणून त्यात शिशाची संयुगं घालायची पद्धत होती. २०२१ साली केंद्र सरकारनं त्यावर नियम केले. म्हणून पिण्याच्या पाण्याची नवी लाइन टाकताना दुकानदाराकडून शिसेविरहित असं छापलेलाच पाइप घ्या, त्या दादांनाही तसं सांगा. पितळी नळांतही थोडं शिसं असतं. रात्रभर साचलेलं पहिलं पाणी बादलीत काढून फरशी पुसायला वापरा आणि मग प्यायचं भरा. शंका वाटलीच तर पाणी प्रयोगशाळेत तपासून घ्या आणि अहवालात शिशाचा आकडा वेगळा मागा, तो लिटरला ०.०१ मिलिग्रॅमच्या वर नको. नेहमीच्या तपासणीत बहुतेक वेळा क्षार आणि जंतूच बघतात, त्यामुळे शिसं तपासायचंय हे अर्जावर लिहूनच द्या.